क बाजूचं पाणी

९ जानेवारी, शुक्रवार

सकाळी तलावावरून पाणी भरून आणलं. काम दादांचं. ते थोरले दीर, आणि दोन वर्षांपासून सरपंच. त्यामुळे काम घरचं की गावचं हे विचारायचं नसतं. जेवताना म्हणाले, शेवाळाची मॅडम घरात असताना बाहेरचा माणूस कशाला बोलवायचा. अठरा वर्षं जाफराबादला कॉलेजात बॉटनी शिकवते आहे. या घरात त्यातलं काही कुणी मागितलं ते आज पहिल्यांदा. दिवसभर आतल्या आत फुलून होते. लिहायला लाज वाटते.

गेल्या उन्हाळ्यात तलावाचं पाणी हिरवं, दाट झालं. मासे पोट वर करून तरंगले. आता तलाव तालुक्याच्या पाणथळ यादीत घालायचाय, तर २६ तारखेच्या ग्रामसभेत सांगायचं आहे की पाण्यात खत येतं कुठून.

तीन जागा धरल्या. अ : वरचा नाला जिथे मिळतो तिथे. नाल्याच्या काठाने शेडनेट आहेत, मिरची-टोमॅटोचं बी काढायच्या. चार दादांच्या. ब : भिंतीजवळ. क : दक्षिणेचा उतार, जिथे कोंडाबाईची मेंढरं पाण्यावर येतात.

कोंडाबाई तिथेच काठीला हनुवटी टेकून उभी. साठीची असेल. नवरा नाही, मुलगा पुण्याकडे कामाला. नव्वदेक मेंढरं आणि ती. बाटल्या भरून काय करता म्हणाली. मी सांगितलं, पाणी गाळून त्यात हिरवं शेवाळ सोडायचं, दहा दिवस उजेडात ठेवायचं. ज्यात जास्त वाढेल त्यात खत जास्त.

"म्हंजे कुठलं पानी पिऊन ते मातून राह्यलं, ते पाह्यचं."

इतकं नेमकं मला वर्गात कधी सांगता आलं नाही. वापरणार हे वाक्य.

१२ जानेवारी, सोमवार

फ्लास्क लावले. अ आणि ब चे मी स्वतः ॲसिडने धुतले. मग कमी पडले. क चे आणि कंट्रोलचे केमिस्ट्रीच्या जुन्या कपाटातून काढले, आत कोळ्यांची जाळी. प्रॅक्टिकल चालू होतं म्हणून शेषरावमामांना म्हटलं, मामा, चकाचक करून द्या. मामा प्रयोगशाळेचे परिचर, एप्रिलअखेर रिटायर. तासाभरात आणून दिले. हिऱ्यासारखे.

पोरांना दरवर्षी सांगते : कंट्रोल म्हणजे प्रयोगाचा साक्षीदार. त्यात तलावाचं पाणी नाही. शेवाळाला लागतं ते सगळं आहे, एकटा फॉस्फरस सोडून. तो फिकाच राहिला पाहिजे. तो फिका राहिला तर बाकीच्यांचं ऐकायचं.

प्रत्येक बाटलीतलं थोडं पाणी गाळून घरच्या फ्रीझरमध्ये ठेवलं. सवय. जाऊबाई म्हणाल्या, तळ्याचं पाणी आन् मटार एकाच खणात, तुमच्या शिक्षणाचं नवलच बाई.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. वाण द्यायला बायका. मी दुपारी कॉलेजात जाऊन फ्लास्क हलवून आले. दिवसातून दोनदा हलवावे लागतात, नाहीतर शेवाळ तळाशी बसतं. कापसाचे बोळे लावलेले ते चौदा फ्लास्क उत्तरेच्या खिडकीत, टोपडी घातलेली बाळं रांगेत ठेवल्यासारखे. म.ला फोनवर हे सांगितलं तर तो म्हणाला, चहा झाला का तुझा. नवरा नोकरीला संभाजीनगरला असतो, शनिवारी येतो. वाईट नाही तो. त्याला बाळं हा शब्द नको असतो, एवढंच.

१९ जानेवारी, सोमवार

सातवा दिवस. क पुढे. अ पेक्षाही पुढे. मला अ वाटलं होतं. शेडनेटमध्ये ठिबकमधून विद्राव्य खत सोडतात, त्यात फॉस्फरस असतो, तो नाल्यात उतरणारच. पण फ्लास्कमध्ये दिसतं ते दिसतं.

खरं सांगायचं तर सुटल्यासारखं झालं. अ निघाला असता तर रात्रीचं जेवण कुणासमोर बसून घेतलं असतं?

२२ जानेवारी, गुरुवार

दहावा दिवस. सूक्ष्मदर्शकाखाली मोजलं. डोळे दुखतायत. क सगळ्यात दाट, मग अ, मग ब.

कंट्रोल हिरवा झालाय. असं होत नाही. मामांकडून फ्लास्कवरच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली असणार, त्यांना चष्म्याशिवाय दिसत नाही. ओतून दिला. तक्त्यात घेतला नाही. परवा अहवाल द्यायचा आहे, पुन्हा दहा दिवस कुठून आणू.

२६ जानेवारी, सोमवार

शाळेच्या पटांगणात ग्रामसभा. दादांनी मला खुर्ची दिली, स्वतःच्या शेजारची. मी पदर सारखा करत बसले. त्यांच्यासमोर मी कधी खुर्चीवर बसलेली नाही. अहवाल त्यांनीच वाचला. माझं नाव पदवीसकट.

मी एवढंच लिहिलं होतं की दक्षिण बाजूच्या पाण्यात फॉस्फरसचं प्रमाण जास्त असावं, जनावरांच्या वावरामुळे शक्य. "असावं" आणि "शक्य" वाचताना गळाले.

मागून कुणीतरी म्हणालं, मेंढ्यायला आता एकेक टमरेल द्या. पटांगण हसलं. मीही हसले. तोंडावर हात होता, पण हसले.

कोंडाबाई कडेला, भिंतीच्या सावलीत उकिडवी. तिने हात वर केला नाही, नुसती उभी राहिली.

"मॅडम, तुमच्या बाटलीत माझ्या मेंढरायचं नाव निघालं का?"

मी म्हणाले, नाव निघत नाही मावशी, प्रमाण निघतं. लोकांना तेही विनोदी वाटलं.

ठराव एकमताने. क बाजूला तारेचं कुंपण. मेंढरांनी तीन किलोमीटरवर नदीला जायचं. दादांनी माझ्याकडे बघून मान हलवली. घरी आल्यावर जाऊबाईंनी पहिल्यांदा माझं ताट आधी वाढलं.

८ फेब्रुवारी, रविवार

कुंपण झालं. फलकही लागला. माझा अहवाल प्लास्टिकात घालून पंचायतीच्या दाराला चिकटवलाय.

आज गंमत. दादांनी कोंडाबाईला बोलावणं धाडलं : नाल्याकडच्या रानात चार रात्री मेंढरं बसव. लेंडीचं खत रानाला चांगलं, आमच्याकडे जुनीच रीत आहे, मेंढरं बसवायची आणि बदल्यात ज्वारी द्यायची. ज्वारीचं पोतं ओसरीत काढून ठेवलं होतं. कोंडाबाई आली, पोत्याकडे बघून म्हणाली, "तळ्यावर घाण करते अन् तुमच्या रानात सोनं हागती व्हय ओ दादा?"

दादा खो खो हसले. त्यांना टोचलेलं असं हसण्यात उडवता येतं. तिने मेंढरं बसवली. न बसवून काय करेल.

लेंडीचं मीही मनाशी ताडून पाहिलं. नव्वद मेंढरं दिवसातून पाव तास काठाशी. त्याने एवढा फरक पडावा? मग स्वतःला म्हटलं, फ्लास्क खोटं बोलत नाहीत.

१७ मार्च, मंगळवार

ऊन वाढलं. कॉलेजला जाताना स्कूटीवरून दिसते ती. पुढे मेंढरं, मागे ही, पाठीवर नवं कोकरू फडक्यात बांधलेलं. आज थांबले. नदीत आता डबकीच उरलीत, तीही फार तर आठवडाभर, म्हणाली. शेजारच्या गावचे लोक हाकलून राह्यलेत. राग नव्हता बोलण्यात, बातमी सांगावी तसं. पाण्याची बाटली पुढे केली तर दोन घोट घेतले आणि उरलेलं ओंजळीत ओतून कोकराच्या तोंडाला लावलं.

दादांना संध्याकाळी विचारलं, उन्हाळ्यापुरतं कुंपण एका जागी उघडता येईल का. म्हणाले, तुझाच कागद आहे.

९ एप्रिल, गुरुवार

लिहिता येईल का बघते.

दुपारी दोनला फोन. मेंढरं दादांच्या शेडनेटकडे पळाली. तिथे सिमेंटचा हौद आहे, त्यात ठिबकसाठी युरिया विरघळवून ठेवलेला. दोन दिवस पाणी मिळालेलं नव्हतं त्यांना. कोंडाबाई ओरडत, काठी मारत मागे. एकटी बाई, नव्वद तोंडं.

मी पोचले तेव्हा काही उभी होती आणि थरथरत होती. काही आडवी, पोटं ढोलासारखी, तोंडाला फेस. दात करकर वाजत होते. इतक्या दातांचा तो आवाज. एक मेंढी उठायची, दोन पावलं चालायची, पुढचे पाय दुमडून पडायची, पुन्हा उठायची. जणू तिला कुठे वेळेवर जायचं होतं.

जनावरांचे डॉक्टर तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला. फोनवर म्हणाले, व्हिनेगर पाजा, मिळेल तेवढं, गार पाण्यात. गावात व्हिनेगर कुठलं. जाफराबादला स्टँडजवळच्या चायनीजच्या गाडीवर गेले. तो पोरगा म्हणाला, ताई, न्यूडल पार्सल देऊ का. पाच बाटल्या हिसकावून आणल्या. येईपर्यंत पाऊण तास. आम्ही दोघी तोंडं उघडून ओतत होतो. कोंडाबाई जबडा धरायची, मी ओतायची.  चार उठली.

तेवीस गेली.

खाटीक येऊन बघून गेला, विषाचं मटण चालत नाही म्हणाला. लोक मोबाइलवर शूटिंग करत होते. दादा आले, हौदाला झाकण बसवायला सांगितलं आणि कोंडाबाईला म्हणाले, "ध्यान ठेवाया पाहिजे व्हतं ना मावशे." मऊ आवाजात. मऊ बोलतात म्हणूनच तर निवडून येतात.

ती एकेका मेंढीच्या कपाळावर हात ठेवून नाव घेत होती. भोरी. कानी. बुटकी. मला कळलं की सगळ्यांना नावं होती.

१० एप्रिल, शुक्रवार

दादांनी जेसीबी दिला. फुकट. गावात त्याचंच कौतुक. खड्डा क बाजूला, कुंपणाच्या आत, पाण्यापासून वीस-पंचवीस पावलांवर. तिथे माती मऊ आहे आणि जेसीबी जवळच होता, एवढंच कारण. मी म्हटलं, दादा, पाण्याच्या इतकं जवळ नको, पावसाळ्यात सगळं उतरेल आत. ड्रायव्हरने आधीच बकेट टेकवली होती.

खड्ड्यात टाकताना आवाज येतो, तो ऐकू नये म्हणून मी स्कूटी चालू ठेवून उभी होते.

१६ एप्रिल, गुरुवार

पुढच्या आठवड्यात कॉलेजला तपासणी समिती येणार. सगळं चकाचक करणं चालू. प्रयोगशाळेत गेले तर शेषरावमामा बेसिनजवळ, बाह्या सरसावून. बादलीत निळी पावडर, फेस काठापर्यंत, त्यात फ्लास्क बुडवलेले.

"मामा, हे काय?"

"वॉशिंग पावडर. चकाचक निघतात मॅडम. जानेवारीत न्हाई का तुमाला दिल्ते."

कपड्यांच्या पावडरीत फॉस्फेट असतं. काचेला चिकटून राहतं, पाण्याने दोनदा खळखळलं तरी जात नाही. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला मी हे शिकवते. फळ्यावर लिहून, खाली रेघ ओढून.

क चे फ्लास्क मामांनी धुतलेले. कंट्रोलही. शेवाळ माजलं ते पावडरीवर.

कंट्रोल सांगत होता. त्याला हिरवं व्हायचं कारण नव्हतं आणि तो झाला. साक्षीदार उभा राहिला आणि मी त्याला बेसिनमध्ये ओतलं.

मामांवर ओरडले. वर्गातल्या पोरी दारात येऊन बघायला लागल्या इतकं. ते फेसाळ हात पुढे धरून उभे राहिले. "तुमीच म्हनल्या व्हत्या चकाचक पाह्यजे." खरंच होतं. मग वऱ्हांड्यात जाऊन थांबले. ओरडून बरं वाटलं होतं. ते जास्त वाईट.

१८ एप्रिल, शनिवार

पुन्हा लावले. सगळे फ्लास्क स्वतः, ॲसिडने, मग डिस्टिल्ड पाण्याने सहा वेळा.

तलावाचं आताचं पाणी उपयोगाचं नाही. उतारावर जेसीबीने सगळं उकरून ठेवलंय, मातीखाली तेवीस मेंढरं. आता क मध्ये जे सापडेल ते आम्हीच टाकलेलं. जानेवारीचं पाणी तेवढं फ्रीझरमध्ये. अ, ब, क, एकेक बाटली. जाऊबाईंनी मटारासाठी बाहेर काढली नव्हती. देव आहे असं लिहायला हात धजत नाही, पण नव्हती काढली.

प्रत्येकाचं पाणी एकदाच पुरेल. दुसरी संधी नाही. थोडं थोडं तळाशी राखलंय.

२२ एप्रिल, बुधवार

चौथा दिवस. काही नाही. मनातल्या मनात म्हणते आहे, क हिरवा हो. मेंढरांमुळेच होतं असं निघू दे. तेवीस मेली ती मेली, निदान कारण तरी खरं असू दे. अशी मी आहे. हे इथे लिहून ठेवते, म्हणजे पुढे स्वतःबद्दल गोड लिहायची वेळ आली तर हे पान आडवं येईल.

२६ एप्रिल, रविवार

म. आला होता. त्याला सगळं सांगितलं. ऐकलं त्याने, नीट. मग म्हणाला, सुनंदा, घरात राहायचं आहे आपल्याला. त्याला तिथे, मला इथे, पण "आपल्याला" म्हणाला. डाळिंब सोलून माझ्यापुढे ठेवलं आणि बसला दाणे वेगळे करत. या माणसाला माझी काळजी आहे. तिचाच उपयोग करून तो मला गप्प करतो.

२८ एप्रिल, मंगळवार

दहावा दिवस.

अ : गर्द. ब : मध्यम. क : फिका. इतका फिका की मागची खिडकी स्वच्छ दिसते.

कंट्रोल : पाण्यासारखा.

मोजायची गरज नव्हती. तरी मोजलं, तीन वेळा. जानेवारीत अ दुसरा आला तो क च्या फ्लास्कमधल्या पावडरीमुळे, खरा पहिलाच. शेडनेटचा नाला. दादांचा आणि इतरांचा.

संध्याकाळी ओसरीवर दादांना सांगितलं. उभं राहून. फ्लास्कचं, पावडरीचं, कंट्रोलचं, ओतून दिल्याचं. मधे एकदाही तोडलं नाही त्यांनी. मग पायातला खडा काढावा तसं म्हणाले,

"कागद बदलायचा तर बदल ना. शुक्रवारी एक मे, ग्रामसभा हायेच. शेषरावनं भांडे पावडरीनं धुतले, चूक त्याची. तुझ्यावर बोट बी न्हाई."

मी म्हटलं, चूक माझी. मी पाहिलं होतं.

"ते कुनाला म्हाईत हाय?" थोड्या वेळाने : "आन् शंका असंन तर चल की, सगळ्या गावासमोर क बाजूचं ताजं पानी भरू. पुन्हा लाव तुझं शेवाळ. जे निंघंन ते निंघंन."

जे निघेल ते मला माहीत आहे. त्यांनाही. मेंढरं पुरली तेव्हा त्यांच्या डोक्यात हे होतं असं मी म्हणणार नाही. नव्हतंच. पण आज ते त्यांच्या हाताला लागलं, आणि हाताला लागलेलं ते सोडत नाहीत.

आत जाताना म्हणाले, "गावाला कागद नव्हता पाह्यजे गं. निमित्त पाह्यजे व्हतं. ते तू दिलं, गाव तुझा आभारीच हाय."

२९ एप्रिल, बुधवार

कोंडाबाईकडे गेले. गावाबाहेर, बाभळीखाली तिचं पाल. उरलेली मेंढरं सावलीत एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून. ती कोकराला बाटलीने पाजत होती. त्याची आई तेवीसातली.

सगळं सांगितलं. सोपं करून. तिला सोपं करायची गरज नव्हती, मलाच होती. ती पाजत राहिली. शेवटी विचारलं,

"ती बाटली हिरवी झालेली तुमी पाह्यली व्हती का न्हवती?"

"पाहिली होती."

"मंग?"

 घाई होती, असं म्हणाले. तिने "घाई" असं एकदा स्वतःशी म्हणून पाहिलं. एखादी वस्तू हातात घेऊन वजन करावं तसं.

मी रडायला लागले. ती म्हणाली, "इथं नका रडू. मेंढरं बिथरतात."

 मी उठले तेव्हा म्हणाली : "मला एकटीला सांगून काय व्हतंय मॅडम? मी कुनाला सांगू, मेंढरायला? परवा सभेला येते मी. कडंला बसते. माझ्यासमोर म्हना."

मी हो म्हणाले नाही. मान हलवली. कोणत्या बाजूला ते मलाच नक्की माहीत नाही.

३० एप्रिल, गुरुवार

शेषरावमामांचा निरोप समारंभ. शाल, नारळ, फेटा. फेट्यात ते लहान मुलासारखे दिसत होते. भाषण माझ्याकडे होतं. तीस वर्षांत यांच्या हातून एक काच फुटली नाही, असं मी म्हणाले. टाळ्या.

नंतर वऱ्हांड्यात मामांनी बाजूला घेतलं. हसत होते.

"मॅडम, तुमी काळजी नका करू. दादायनं परवा बोलावल्तं. कागदावर सही करून दिली म्या. भांडे म्याच धुतले माझ्या मनानं, मॅडमला ठाऊक न्हाई, असं. माझं आता काय जातंय? मी तर चाललो. पेन्शनच्या कागदाला दादायची वळख लागल बराबर."

मी म्हटलं, मामा, का केलंत. त्यांना वाटलं मी भारावले. माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्या दिवशी फेसाने माखलेला तोच हात.

म्हणजे आता सगळं तयार आहे. मामांची सही आहे, ताज्या पाण्याची बाटली दादा भरून आणणारच, आणि त्यात मेंढरं निघणारच. मला फक्त बसून राहायचं आहे. त्या खुर्चीवर. याहून सोपं काम मला आयुष्यात कुणी दिलं नाही.

तक्त्याची दोन पानं केली. एक जानेवारीचं, त्यात कंट्रोलची ओळ माझ्या हाताने घातली : हिरवा. ओतून दिला. खाली सही. एक आताचं.

१ मे, शुक्रवार

शाळेच्या ओट्यावर बसून लिहिते आहे. झेंडा झाला. पोरांना बिस्किटं वाटून झाली. ग्रामसेवक मागच्या सभेचं इतिवृत्त वाचतायत. तलावाचा विषय पाचवा, आता तिसरा चालू. माझ्या नावापुढे पदवी नीट लिहिली आहे का असं मघाशी विचारून गेले.

पिशवीत चार फ्लास्क, कापसात गुंडाळून. स्कूटीवर मांडीत धरता येईनात म्हणून कॉलेजातून जीपने आले. जीपवाला म्हणाला, काय हे मॅडम, सरबत? शेजारची बाई म्हणाली, हिरवंवालं वाळ्याचं दिसतंय.

दादांपाशी बाटली आहे, बिसलेरीची, पाण्याने भरलेली. सकाळीच भरून आणली. काठोकाठ. समोर टेबलावर ठेवली, कोंडाबाईला दिसेल अशी.

ती आली आहे. म्हणाली तशी, कडेला, त्याच भिंतीशी. सावली आज तिच्यावरून सरकून गेली आहे तरी हललेली नाही. पदरात कोकरू. माझ्याकडे बघत नाही. फ्लास्कच्या पिशवीकडे बघते आहे.

म.चा मेसेज : शांत राहा.

चौथा विषय. गावातले दिवे.

उठून उभी राहिले की मी काय बोलेन ते पाठ केलं आहे. तीन वाक्यं आहेत. तिसऱ्यात "मी पाहिलं होतं" आहे. मनात दोनदा म्हणून पाहिली, दोन्ही वेळा दुसऱ्यावरच थांबले.

ग्रामसेवकांनी पान उलटलं. पाचवा विषय. दादांनी खांद्यावरचा टॉवेल काढून शेजारच्या खुर्चीवरची धूळ पुसली, नीट, चारी कोपरे, आणि मला हाताने बोलावलं.

कोंडाबाई उभी राहिली आहे.